ब्रिटनहून ऑस्ट्रेलिया, मधे जळगाव: शेअर कंटेनरची सेवा कितपत कामाची?

ब्रिटनमध्ये काही वर्षं काढून ऑस्ट्रेलियाला निघालेली खान्देशी कुटुंबं बहुधा एकच वाट धरतात. लंडन किंवा बर्मिंगहॅमचं घर रिकामं करायचं, सामान बोटीने पुढे लावायचं आणि ते पोहोचेपर्यंत दोन-तीन महिने जळगाव, धुळे, चाळीसगाव किंवा शिरपूरला घरी येऊन राहायचं. या बेतासाठी सर्वात जास्त घेतली जाणारी सेवा म्हणजे शेअर कंटेनर. तिथले मूव्हर्स तिला ‘ग्रुपेज’ म्हणतात: एकाच कंटेनरमध्ये चार-पाच घरांचं सामान, आणि तुम्ही जेवढी जागा घ्याल तेवढेच पैसे. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या सेवेचं आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. सामान ४०० घनफुटांच्या आत असेल तर शेअर कंटेनर घ्यावा. ७०० च्या वर गेलं तर स्वतःच्या २० फुटी कंटेनरचा भाव मागवल्याशिवाय सही करू नये. मधल्या आकड्यांना दोन्ही भाव समोर ठेवून ठरवावं. पण सेवा चांगली की वाईट हे भावावरून कळत नाही. कंपनी सामानाची यादी कशी करते यावरून कळतं, आणि पुढे होणारे जवळपास सगळे घोळ त्या यादीतच सुरू होतात.

आधी वेळेचं गणित. २० फुटी कंटेनरच्या पोटात सुमारे ३३ घनमीटर जागा असते, म्हणजे साडेअकराशे घनफुटांच्या वर. पण घरगुती सामान विटांसारखं रचता येत नाही, त्यामुळे हजारेक घनफूट धरून चालावं. स्वतःचा कंटेनर असेल तर दारापासून दारापर्यंत साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. शेअरमध्ये कंटेनर भरेपर्यंत सामान गोदामात थांबतं, आणि तिकडे उतरल्यावर सगळ्यांचं सामान वेगळं करावं लागतं. म्हणून १२ ते २० आठवडे धरा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून कित्येक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यातही दिवस वाढले. एजंट जो आकडा सांगतो तो पुष्कळदा फक्त बोट बंदरातून सुटल्यानंतरचा असतो. त्याला थेट विचारा: माझं सामान घरातून उचलल्यापासून माझ्या नव्या घरात ठेवेपर्यंत किती आठवडे? उत्तर ईमेलवर घ्या.

सामान माणसांच्या आधी पोहोचलेलं चालत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ऑस्ट्रेलियात ते सोडवताना मालकाच्या सहीचा बी५३४ नावाचा फॉर्म लागतो, पासपोर्टची प्रत लागते आणि तुम्ही देशात कधी आलात तेही विचारतात. तुम्ही अजून जळगावात असाल तर सामान तिकडच्या गोदामात पडून राहतं आणि भाडं तुमच्या नावावर चढतं. फेब्रुवारीअखेर ब्रिटन सोडून आखाजी (अक्षय्य तृतीया) घरी करायची आणि मे महिन्यात निघायचं असेल, तर शेअर कंटेनरचा संथपणा उलट सोयीचा पडतो. स्वतःचा कंटेनर मात्र अशा वेळी तुमच्या आधी जाऊन बसू शकतो. मुलांच्या शाळेचाही विचार यातच करा. तिकडचं शालेय वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं आणि चार सत्रांत चालतं. पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी न्यू साउथ वेल्समध्ये ३१ जुलैपर्यंत, तर व्हिक्टोरियात ३० एप्रिलपर्यंत पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

आता यादीकडे येऊ. चांगली कंपनी माणूस पाठवते किंवा व्हिडिओवर घर बघते. बघणारा कपाटं उघडायला लावतो, पलंगाखाली डोकावतो, माळा आणि बागेतली शेड दाखवायला सांगतो, आणि घनफुटांचा आकडा लिहून देतो. ‘दोन बेडरूमचं घर ना, मग इतके पौंड’ असं फोनवर सांगणाऱ्याला नको म्हणा. उचलायच्या दिवशी सामान जास्त निघालं की एकतर तिथेच जादा पैसे मागतात, नाहीतर उरलेले खोके फुटपाथवर राहतात, आणि तोवर घराच्या किल्ल्या परत करायची वेळ झालेली असते.

प्रत्येक खोक्याला नंबर आणि आत काय याची नोंद हवी. ‘किचन, किरकोळ’ ही नोंद वाईट. ‘स्टीलचे डबे १२, धुतलेले, रिकामे, कुकर १, तवा २’ ही चांगली. ‘पूजेचं सामान’ असं लिहू नका. ‘पितळी समई २, तांब्या १, मूर्ती ३, लाकडी देव्हारा १’ असं लिहा. कारण ऑस्ट्रेलियाचा बायोसिक्युरिटी अधिकारी, म्हणजे बाहेरची कीड-रोगराई देशात येऊ नये म्हणून सामान तपासणारा माणूस, आधी यादी वाचतो आणि कुठले खोके उघडायचे ते त्यावरून ठरवतो. मोघम शब्द दिसला की खोका उघडला जातो. तपासणीचा वेळ तुमच्या बिलात येतो. काही सापडलं तर धुरी देणं, गॅमा किरणांची प्रक्रिया करणं, परत पाठवणं किंवा नष्ट करणं, यातलं जे ठरेल त्याचाही खर्च तुमचाच. शेअर कंटेनरचं एक दुखणं असं की दुसऱ्याच्या खोक्यात काही निघालं तरी तुमचं सामान अडकून पडू शकतं. हे टाळता येत नाही. आपल्या खोक्यांमुळे दुसऱ्याचं अडकू नये एवढं मात्र हातात आहे.

म्हणून स्वच्छता. भीती घाणीची नाही, मातीची, बियांची आणि किडीची आहे. बाबागाडीचं चाक उलटं करून बघा: टायर आणि रिमच्या फटीत वाळलेलं गवत आणि मातीची पातळ कड बसलेली असते. ती जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढावी लागते, ओल्या फडक्याने निघत नाही. सायकल, फुटबॉलचे बूट, तंबूच्या खुंट्या, बागेतलं फावडं यांचंही तेच. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी काढून फेकून द्या. पाटा-वरवंटा न्यायचा असेल तर दगडाच्या टाक्यांत जुना मसाला बसलेला असतो. उकळतं पाणी ओतून तारेच्या ब्रशने घासा आणि दोन दिवस कोरडा होऊ द्या. पोळपाट, लाटणं, देव्हारा यांना बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती वस्तू नेऊच नका, भुंगा अजून आत असतो. शिंदीचा झाडू, गोवऱ्या, तुळशीचं रोप, सुकलेली तोरणं यांचा विचार सोडा. सरकी राहिलेल्या कापसाची गादी किंवा उशीही नको.

खाण्याचा एकही पदार्थ समुद्रमार्गे जाणाऱ्या सामानात ठेवू नका, अर्धी बरणी हळदसुद्धा नाही. डबे रिकामे आणि धुतलेलेच जाऊ द्या.

खरी परीक्षा जळगावच्या मुक्कामात असते, कारण तिथून निघताना आई-आजी बॅग भरतात. ऑस्ट्रेलियाने खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने प्रवाशांच्या सामानातून, टपालातून आणि घरगुती मालातून येणाऱ्या बऱ्याच धान्य-बियांवर बंदी घातली आहे. तांदूळ, गहू, हरभरा, मूग, मसूर, शेंगदाणे, धने, जिरे, सुकी लाल मिरची हे सगळं त्यात येतं. हा किडा आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. त्याची अळी खाण्याविना फार काळ तग धरते आणि खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दुमडीतही लपते, म्हणून तिकडे एवढी धास्ती आहे. पेढे, बर्फी, खवा असलेली मिठाईही चालत नाही. भरताच्या वांग्याचं घरी राखलेलं सुटं बी पुडीत बांधून दिलं, तर ते विमानतळावरच जाईल. घरच्या बिबड्या, कुरडया, पापड, काळा मसाला याबाबत निर्णय समोरचा अधिकारी घेतो. न्यायचंच असेल तर सगळं एका वेगळ्या पिशवीत, सहज उघडता येईल असं ठेवा आणि प्रवेशाच्या कार्डावर ‘होय’ अशी खूण करा. जाहीर केलेली वस्तू काढून घेतली तरी दंड होत नाही. लपवलेली सापडली तर दंड हजारो डॉलरचा असतो आणि तात्पुरता व्हिसा रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आईला हे आधीच, शांतपणे समजावून सांगा. वाळवणं घालून झाल्यावर सांगितलं तर तिची मेहनत वाया जाते.

त्याच कार्डावर गेल्या ३० दिवसांत शेत किंवा गुराढोरांशी संबंध आला का, असाही प्रश्न असतो. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत फिरून आलात तर उत्तर ‘होय’ आहे. आपली काळी माती बुटाच्या तळव्याच्या खाचांत घट्ट बसते. रात्रभर बूट भिजवा, खाचा काडीने कोरा, मग ब्रश मारा. बूट बॅगेत सगळ्यात वर ठेवा, कारण ते बघायला मागतात.

आणखी एक खास आपल्याकडची चूक. जळगावात मजबूत पुठ्ठ्याचा खोका म्हणजे केळीचा खोका, आणि दुकानदार तो हसत देतो. पण फळं, भाजी, अंडी, मांस ठेवलेले जुने खोके ऑस्ट्रेलियाच्या नियमात चालत नाहीत. नवे कोरे खोके विकत घ्या. लाकडी पेटी ओळखीच्या सुताराकडून करून घेत असाल तर लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंग कीडमुक्त करण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो. त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं, आणि ‘एचटी’ लिहिलेलं असेल तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं आहे असा अर्थ. साल राहिलेल्या कडुनिंबाच्या फळ्यांची पेटी कितीही भक्कम असली तरी ती अडते.

न्हावाशेवाहून दुसरा छोटा लॉट पाठवायची कल्पना बहुतेकदा महाग पडते. ऑस्ट्रेलियात करसवलत मिळण्यासाठी वस्तू परदेशात किमान १२ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी लागते. जळगावात नुकतीच घेतलेली तांब्याची भांडी त्यात बसत नाहीत, त्यावर १० टक्के जीएसटी आणि लागू असेल ती ड्युटी येऊ शकते. चार भांडी बॅगेतूनच न्या. सोनं तर कधीही कंटेनरमध्ये नको. अंगावर किंवा हातातल्या बॅगेत, पावत्यांसह.

विम्याच्या बाबतीत या सेवेची बाजू लंगडी आहे. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली फूटतूट बहुतेक पॉलिसी भरून देत नाहीत. म्हणून काचेचं आणि चिनी मातीचं कंपनीच्या माणसांकडूनच भरून घ्या. पुस्तकं, कपडे, चादरी स्वतः भरल्या तरी चालतं. किंमत लिहिताना ती वस्तू ऑस्ट्रेलियात नवी घ्यायला किती लागेल ती लिहा. बुरशी आणि जोडीतली एकच वस्तू फुटणं, ही दोन कलमं शोधून वाचा. ‘जनरल ॲव्हरेज’ पॉलिसीत आहे का तेही बघा. जहाज वाचवायला झालेला खर्च सगळ्या मालधन्यांवर वाटला जातो, तुमच्या सामानाला ओरखडाही नसला तरी. २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’ वर माल असलेल्यांना हा नियम लागला होता. विमा नसेल तर पैसे भरल्याशिवाय सामान हातात मिळत नाही.

कोटेशनमध्ये ‘डोअर टू डोअर’ लिहिलेलं असलं तरी वगळलेल्या गोष्टींची ओळ आधी वाचा: बंदरातला हाताळणी खर्च, बायोसिक्युरिटीची फी, गोदामाचं भाडं, लंडनमध्ये ट्रक उभा करायचा परवाना, लिफ्ट नसलेल्या मजल्याचे जादा पैसे. पूर्ण रक्कम आगाऊ भरायची असते, म्हणून कंपनी बीएआरच्या (ब्रिटनमधल्या मूव्हर्सची संघटना) ओव्हरसीज गटात आहे का किंवा एफआयडीआय-एफएआयएम (आंतरराष्ट्रीय मूव्हर्सच्या संघटनेचा दर्जा) मान्यताप्राप्त आहे का आणि आगाऊ रकमेला हमी आहे का, हे त्या संस्थांच्या यादीतच तपासा.

काय न्यावं? वीज तिन्ही देशांत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे मिक्सर आणि टीव्ही चालतात, फक्त पिन बदलावी लागते. गादी, स्वस्त कपाटं आणि मोटार नेण्यात अर्थ नाही.

कागद मात्र कंटेनरमध्ये टाकू नका, कारण ते चार महिने हाताशी नसतील. मुलांचं लसीकरणाचं ‘रेड बुक’, शाळेचे दाखले, जन्म आणि विवाहाची प्रमाणपत्रं, नो क्लेम बोनसचं पत्र, पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा कागद) आणि ब्रिटिश लायसन्स सोबत ठेवा. ब्रिटिश लायसन्स तिकडे परीक्षेविना बदलून मिळतं. भारतीय लायसन्सवर लेखी आणि गाडी चालवायची परीक्षा द्यावी लागते, म्हणून ब्रिटिश लायसन्स जपा. ब्रिटनचा कायमचा रहिवास असेल तर सलग २ वर्षं बाहेर राहिल्यावर तो संपतो.

डिलिव्हरीच्या दिवशी यादी हातात घेऊन दारात उभे राहा आणि प्रत्येक नंबरावर खूण करा. दबलेला किंवा ओला खोका दिसला तर तो उघडायच्या आधी फोटो काढा, उघडल्यावर पुन्हा काढा, आणि सही करताना कागदावर ‘खोका क्र. १७ दबलेला, आतला माल तपासलेला नाही’ असं लिहूनच सही करा. दाव्याची मुदत थोडी असते, म्हणून काचेचे खोके पहिल्या आठवड्यातच उघडा. फुटलेले तुकडे आणि तो खोका दावा मिटेपर्यंत टाकू नका.