बोरन्हाणात बोरं नाहीत, तरी पाचपैकी चार

हे नातीच्या माँटेसरी शाळेचं परीक्षण, पण आधी खुलासा करतो. मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे नाही. ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात ३४ वर्षं फिटर म्हणून काढली आणि आता नातीला शाळेत सोडणं-आणणं हे माझं खातं आहे. मुलगा सातपूरला, सून बँकेत. सकाळी पावणेनऊला चिऊला स्कूटरवर घेऊन मी निघतो आणि बाराला फाटकाशी पुन्हा हजर होतो. शाळा नाशिकातलीच आहे. नाव लिहीत नाही, कारण खाली कौतुकाबरोबर थोडं भांडणही आहे आणि मला उद्या त्याच फाटकाशी उभं राहायचंय.

आमच्या लहानपणी कुठल्याही बालवाडीला लोक ‘माँटेसरी’च म्हणायचे. आजही ती पाटी कुणीही लावतं. म्हणून प्रवेश घेताना मी पाटी सोडून खोली बघितली. दीड ते तीन वर्षांची बारा मुलं, दोन ताई. कपाटं माझ्या गुडघ्याएवढी, बेसिन त्याहून खाली. प्रत्येक साहित्य एकेकच. दुसऱ्याला हवं असेल तर पहिल्याचं होईपर्यंत थांबायचं. पेले खऱ्या काचेचे. चिऊनं पहिल्याच महिन्यात एक फोडला. ताईंनी मुलांना मागे घेतलं, काचा गोळा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पुन्हा काचेचाच पेला दिला. तेव्हा मला वाटलं, ही माणसं वर्कशॉपमध्ये टिकली असती.

पण जून-जुलै रडारडीत गेले, पावसाळा खोकल्यात. शाळा काय चीज आहे ते मला थंडीत कळलं, म्हणून हे लिहिणं नोव्हेंबर ते जानेवारीपुरतंच.

पहिली गोष्ट शेंबडाची. हसू नका. नाशिकच्या थंडीत दोन वर्षांच्या पोराचं नाक हे पूर्णवेळ काम असतं. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर गेल्याची बातमी आली की आमच्याकडे नळ सुरू होतो. या शाळेत भिंतीवर मुलांच्या तोंडाच्या उंचीवर एक आरसा आहे, खाली टिश्यूचा डबा आणि झाकणाची बादली. मुलानं आरशात बघायचं, पुसायचं, पुन्हा बघायचं, कागद बादलीत टाकायचा, हात धुवायचे. ताई मागून पदर घेऊन धावत नाहीत. त्या फक्त म्हणतात, ‘आरशात बघून ये.’ डिसेंबरच्या मध्यावर चिऊनं मला जेवताना थांबवलं, हात धरून बाथरूममधल्या आरशासमोर नेलं आणि म्हणाली, ‘आबा, बघ.’ माझ्या मिशीला ताक लागलं होतं.

दुसरी गोष्ट स्वेटरची, आणि यात घरात महाभारत झालं.

चिऊच्या आजीनं दिवाळीआधीच बंद गळ्याचा गुलाबी स्वेटर विणला होता. पुढे ससा वगैरे. शाळेतून निरोप आला : स्वेटर पुढून उघडा हवा, बटणं मोठी, आणि तो मूल स्वतः घालेल. आजी म्हणाली, ‘अहो, दोन वर्षांचं लेकरू स्वेटर घालणार आणि या ताया काय बघत बसणार?’ तर हो, तसंच असतं. पद्धत अशी : स्वेटर जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर, कॉलर आपल्या पायांशी. वाकून दोन्ही हात बाह्यांत खुपसायचे आणि स्वेटर डोक्यावरून मागे उडवायचा. खाली येतो तो अंगात बसूनच. कॉलर उलट्या बाजूला ठेवली तर स्वेटर कॉलर खाली होऊन उलटा लटकतो आणि चूक झाल्याचं पोरालाच कळतं, कुणी सांगावं लागत नाही. आम्ही कारखान्यात भोक बरोबर आहे की नाही हे गो-नो-गो गेजनं तपासायचो. एक टोक गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. साहेबाला विचारायला जावं लागत नसे. या शाळेचं निम्मं साहित्य असंच आहे. थंडीत त्यांनी टोपलीत पाच जोड्या लोकरी मोजे ठेवले होते, जोड्या लावायला. चूक केली की शेवटी एक लाल आणि एक निळा उरतो.

आजीनं दोन दिवस धुसफुस केली. तिसऱ्या दिवशी स्वेटर उसवला, लोकरीच्या लडी करून वाफेवर धरल्या, आणि आठ दिवसांत पुढून उघडा विणून दिला. सशाचे दोन भाग झाले, मधून बटणपट्टी गेली. चिऊला तो सुरुवातीला घालायला अकरा मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून बसायचो. आता चारवर आलीये. बटणांचं अजून जमत नाही, ती माझी.

फरशीचं मात्र मी तक्रारवहीत लिहिलं. बूट बाहेर काढायचे हा नियम ठीक, पण डिसेंबरात त्या शहाबादीवर सकाळी पाय टेकवत नाही, आणि मोजे घातले की पोरं घसरतात. दोन पडली. त्यानंतर जाजम आलं. इतक्या साध्या गोष्टीला तीन आठवडे का लागले, हे विचारायचं राहून गेलं.

आता खाण्याची कामं. ती त्यांची खरी जमेची बाजू आहे, कारण थंडी म्हणजे आपल्याकडे बाजार भरलेला असतो आणि शाळेनं तो सरळ खोलीत आणला. एका ट्रेमध्ये मटाराच्या शेंगा, दाण्यांची वाटी, सालांची वाटी, सांडलेलं पुसायला फडकं. दुसऱ्यात आंबिया बहराची नागपुरी संत्री. सालाला पहिली चीर ताई देतात, पुढचं मूल सोलतं, बिया ताईंसमोर काढून फोडी वाटल्या जातात. उकडलेलं गाजर नागमोडी पात्याच्या कापणीनं कापायचं. पितळी निरांजन चिंचेनं घासायचं. ही शेवटची चिऊची आवडती. निरांजन चकचकीत झालं तरी थांबत नाही.

मटाराचं शिक्षण आमच्या घरी नाकावाटे आलं. एका रविवारी आम्ही दोघं तिला शेंगांची परात देऊन मॅच बघत होतो आणि तिनं एक दाणा डाव्या नाकपुडीत सरकवला. डॉक्टरांनी काढला, दोन मिनिटांचं काम, पण ती दोन मिनिटं आम्हा म्हाताऱ्यांची पाच वर्षं घेऊन गेली. सोमवारी मी ताईंना थोडं तिरकसच विचारलं, तुमच्याकडे असं होत नाही का? त्या म्हणाल्या, ‘आम्ही शेजारी बसतो, आबा.’ यावर बोलायला काही उरत नाही.

नाताळला सांताक्लॉज आला नाही. सुनेला ते लागलं, शेजारच्या शाळेत लाल टोप्यांचे फोटो निघाले होते. यांचं म्हणणं असं की सहा वर्षांखालच्या मुलाला खरं-खोटं वेगळं करता येत नाही, म्हणून आधी खरं जग हाताला लागू द्या. मला हे निम्मं पटतं. मी स्वतः चिऊला चांदोमामा दाखवत भात भरवतो आणि थांबवणार नाही. पण पंचवीस डिसेंबरला दाढी लावलेल्या अनोळखी माणसाच्या मांडीवर दोन वर्षांची पोरं कशी किंचाळतात हेही पाहिलंय. स्नेहसंमेलनही नाही. स्टेजवर नाचणारी मधमाशी हवी असेल तर दुसरीकडे जा.

वाढदिवस मात्र मला फार आवडला. चिऊचा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. केक नाही, परतभेटी नाहीत. मधे सूर्य म्हणून एक दिवा लावतात, मुलं गोल बसतात, वाढदिवसाचं मूल हातात छोटा पृथ्वीगोल घेऊन दिव्याभोवती चालतं. एक फेरी म्हणजे एक वर्ष. पहिल्या फेरीआधी जन्मानंतरचा फोटो दाखवला, ती संपल्यावर एक वर्षाचा, मग दुसरी फेरी. आम्हाला खिडकीतून बघायची परवानगी होती. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर तिनं पृथ्वी खाली ठेवली आणि मोजा वर ओढला. सगळे थांबले. मग पृथ्वी पुढे निघाली. (गंमत अशी की याच आठवड्यात खरी पृथ्वीही सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, तरी इथे सकाळी हात बधिर. थंडी अंतरावर ठरत नाही, कलण्यावर ठरते. हे मी ताईंना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.) त्याच आठवड्यात ६ जानेवारी होती, १९०७ साली याच तारखेला ही पद्धत सुरू करणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. शाळेनं त्याचा काही समारंभ केला नाही. हेही बरंच झालं.

भोगीला खोलीत बाजरीच्या पिठाचा वास होता. मुलांनी घेवड्याच्या शेंगा मोडल्या, वांगी ब्रशनं धुतली, घाट्यातून हिरवा हरभरा काढला. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा मिळाला, तो थापायचा, वर तीळ लावायचे. भाकरी भाजून दुपारी घरी पाठवली. चिऊची भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी होती, कोकण थोडं जळलेलं. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणत आजीनं ती लोण्याबरोबर तुकड्यातुकड्यानं सगळ्यांना वाटली. तिळगुळाला पाक नव्हता. भाजलेले तीळ छोट्या खलबत्त्यात कुटायचे, किसलेला गूळ घालून पुन्हा कुटायचं, तेल सुटलं की लाडू वळतो. तीळ-शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, याचा फॉर्म त्यांनी नोव्हेंबरातच भरून घेतला होता. हे मी पूर्ण गुण देऊन नोंदवतो.

आणि मग बोरन्हाण.

निरोपात लिहिलं होतं : काळे कपडे चालतील, हलव्याचे दागिने नकोत, डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या. बोरं, उसाचे करवे, शेंगदाणे, हलवा, गोळ्या काहीही नाही. आजीनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, ‘बोरन्हाणात बोरंच नाहीत! मग न्हाण तरी कशाला घालतात?’ तिनं हलव्याचा मुकुट, बाजूबंद, हार सगळं दहा दिवस खपून केलं होतं. कढई शेगडीवर ठेवून एकेका तिळावर पाकाचा काटा फुलवणं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच ठाऊक.

कारण चुकीचं नाही. बोराची आठळी, अख्खा शेंगदाणा, हलव्याचा दाणा हे तीन वर्षांखालच्या पोराच्या घशात अडकू शकतात, आणि बारा पोरं एकदम जमिनीवरून वेचून तोंडात घालत असताना दोन ताई किती बोटं घालणार? मटाराच्या रविवारनंतर मी यावर वाद घालायच्या लायकीचा नाही. पण निरोप बारा तारखेला रात्री आला. दिवाळीतच सांगितलं असतं तर आजीचे दहा दिवस वाचले असते. शिवाय आज्यांना खोलीत न घेता खिडकीबाहेर उभं केलं. बोरन्हाण हा बायकांनी लेकराभोवती जमून करायचा सोहळा आहे, त्यात आजीला काचेपलीकडे ठेवणं मला आजही खटकतं. पाचवा तारा तिथे गेला. आम्ही पुढच्या रविवारी घरी दुसरं बोरन्हाण केलं, बोरांसकट. बोरं लुटायला शेजारची शाळकरी पोरं बोलावली, चिऊला मांडीवर ठेवलं, मुकुट फोटोपुरता घातला.

पैशांचं बोलू. वर्षाची फी एवढी की बरी मोटारसायकल येईल. वर साहित्य शुल्क वेगळं, ते बीच नावाच्या झाडाच्या गुळगुळीत लाकडाचं. इथे मला ताराबाई मोडक आठवतात. त्यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हीच पद्धत चालवली ती बिया, पानं, शंख-शिंपले, माती घेऊन. आणि या शाळेत थंडीत सगळ्यात जास्त कशावर काम झालं? मटार, चिंच, तीळ, मोजे. सगळं भाजीबाजारातलं. मग शुल्क कशाचं, हे मी पालकसभेत विचारलं. उत्तर लांब होतं.

कुणी जायचा विचार करत असेल तर : आधी खोलीत बसून बघायला मागा, ४५ मिनिटं देतात, मोबाईल बाहेर ठेवायचा. रोजचे फोटो येत नाहीत, आठवड्याला एक टिपण येतं. स्वेटर पुढून उघडाच घ्या. आणि शाळा कुठलीही असो, संक्रांतीच्या आठवड्यात पोराला स्कूटरवर पुढे उभं करून नेऊ नका. बंदी असली तरी नायलॉन मांजा या शहरात उडतोच. आम्ही ते आठ दिवस रिक्षा केली.

परवा बाराला चिऊ बाहेर आली ती स्वेटर उलटा घालून. शिवण बाहेर, अर्धा ससा आत, अर्धा बेपत्ता. ताई दारात हात मागे बांधून उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. तसेच रिक्षात बसलो, तसेच घरी आलो. आजीनं दारातच पकडलं, हात पुढे केला, आणि चिऊ दोन पावलं मागे सरून म्हणाली, ‘मी. मीच.’ मग खाली बसून तिनं स्वेटर काढायला घेतला. जेवण दहा मिनिटं उशिरा झालं.