बुजरा ससा घरी आल्यावर: आधी कुंपण की अख्खी खोली मोकळी?

दत्तक घेतलेल्या सशाला पहिल्या दिवसापासून खोली मोकळी द्यावी, असं अनेकांना वाटतं. हेतू चांगला, पण घाबरलेला ससा थेट पलंगाखाली शिरतो. मग तो खातोय का, लेंड्या टाकतोय का, काहीच कळत नाही. ससा दहा-बारा तास उपाशी राहिला तर आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतू शकतं. तेव्हा वाट न पाहता पशुवैद्य गाठायचा. शिवाय त्याला ओढून बाहेर काढलं, की होता नव्हता तो विश्वास गेलाच.

कुंपणात सगळं नजरेसमोर राहतं. साधारण ९० सेंटीमीटर उंच जाळ्या, आत दोन तोंडांचं पुठ्ठ्याचं खोकं (एकच दार असलं तर पळायला वाट उरत नाही), भरपूर वाळलेलं गवत, पाणी. आपण जमिनीवर बसायचं, उचलायला जायचं नाही. कुंपण म्हणजे पिंजरा नव्हे, बरं का. आत उड्या मारता आल्याच पाहिजेत.

बुजऱ्याला मी आधी कुंपणच देईन, आणि तो पाय ताणून लोळायला लागला की दार उघडं ठेवीन. माणसाळलेल्या, धीट सशाला मोकळी खोली लगेच चालते. वायरी तेवढ्या आधी झाका.