फॉर्म भरला की पांढरं पान! टिळकवाडीतल्या वेबसाइट रिपेअरवाल्या पोराला ५ पैकी ४ स्टार

बेळगावच्या शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे, ब्लाउज शिलाईच्या ऑर्डरी घ्यायला वेबसाइटवर फॉर्म टाकलाय, नाव, मोबाइल, मापं आणि जुन्या ब्लाउजचा फोटो. गणपतीच्या तोंडावर ऑर्डरी एकदम आटल्या, आम्हाला वाटलं बाजारच मंद. मग खानापूरच्या एका गिऱ्हाईक वहिनींचा फोन, "अहो, तीनदा भरला तुमचा फॉर्म, बटण दाबलं की पांढरं पान येतंय."

मी लॅपटॉपवर भरून बघितला तर आरामात गेला की! होस्टिंगवाल्यांशी (ज्यांच्या सर्व्हरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर आमची वेबसाइट ठेवलीय ते, नाव घेत नाही) ४ दिवस चॅट केलं, रोज नवा माणूस, रोज तेच, कॅशे (ब्राउझरनं साठवलेलं जुनं) क्लिअर करा, दुसरा ब्राउझर वापरा. गिऱ्हाइकांना काय घरोघरी जाऊन सांगू काय कॅशे क्लिअर करा म्हणून?

शेवटी टिळकवाडीत, रेल्वे गेटच्या अलीकडे, वरच्या मजल्यावर एक पोरगं बसतंय त्याच्याकडे गेलो. पहिला प्रश्न त्याचा, "काका, फोटो लावून बघितलासा काय?" नव्हता लावला! मी फोटो न लावताच टेस्ट करत होतो. त्यानं ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडला (पान काय पाठवतंय, काय परत येतंय ते तिथं दिसतंय), प्रिझर्व्ह लॉगवर टिक केली (नाहीतर पान बदललं की आधीचं सगळं पुसतंय म्हणे), माझ्याच मोबाइलमधला फोटो लावून सबमिट केलं आणि लाल अक्षरात ४१३. म्हणजे पाठवलेला माल सर्व्हरच्या दारात मावत नाही. एन्जिनएक्स म्हणजे सर्व्हरच्या दारावर बसलेलं सॉफ्टवेअर, त्यात कुणी काही बदललं नसेल तर मर्यादा १ एमबीच असते आणि माझा फोटो ४ एमबीच्या वर. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये (चुकांच्या वहीत) तर अशा नोंदींची रांगच लागलेली, म्हणजे तेवढ्या ऑर्डरी गेल्या, कपाळ माझं.

त्यानं मर्यादा २० एमबी केली, मला वाटलं झालं काम, उठायला लागलो तर म्हणतोय बसा. दाराच्या आत फॉर्म वाचणारी पीएचपी, तिची वेगळी मर्यादा, एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८. त्यानं मुद्दाम दोन मोठे फोटो लावून दाखवलं, ८ च्या वर गेलं की पांढरं पान नाही की एरर नाही, सर्व्हरकडे फॉर्म पोचतोय पण नाव, नंबर सगळं कोरं! म्हणजे नुसती दारातली मर्यादा वाढवून उठलो असतो तर अशा कोऱ्या ऑर्डरी आल्या असत्या आणि मी त्या टवाळखोर पोरांचं काम समजून डिलीट केल्या असत्या. त्यानं पीएचपीचे दोन्ही आकडे वाढवले, वर फोटो मोबाइलमध्येच बारीक करून मग पाठवायची सोय केली.

दीड तासाचं काम, ८०० रुपये, आणि काय बदललं ते कागदावर मराठीत लिहून दिलं. हे मला फार आवडलं.

एक स्टार का कापला, तर फॉर्म गेल्यावर गिऱ्हाइकाला दुसऱ्या पानावर पाठवायचं राहिलं त्याच्याकडून (त्याच पानावर रिफ्रेश केलं की तोच फॉर्म परत जातोय), त्यामुळे निपाणीच्या एका ताईंनी रिफ्रेश केलं आणि तीच ऑर्डर तीन वेळा पडली, आमच्या शिंप्यानं दोन ब्लाउज कापूनपण ठेवले. फोन केल्यावर संध्याकाळी फुकटात करून दिलं, पण आधीच करायला पाहिजे होतं की नाही?

जाताना होस्टिंगचा पासवर्ड घेऊन जावा, मी घरी विसरलो आणि परत शहापूरपर्यंत हेलपाटा पडला.