बागेच्या कवितेला भुजंगप्रयात की पादाकुलक?

नागपूरच्या संत्राबागेवर कविता लिहायची आणि वृत्त, म्हणजे ओळीचा ठरावीक ठेका, ठरत नाही, असा प्रश्न आहे. आधी शब्द तपासा.

भुजंगप्रयातात ओळीला 12 अक्षरे, चार 'य' गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), म्हणजे लघु-गुरु-गुरु चारदा; लघु म्हणजे आखूड उच्चाराचे अक्षर, गुरु म्हणजे लांब. 'फुले हासली या महाराजबागी' चपखल बसते. पण 'संत्र्याची' हे तीन गुरू आणि 'बहर' हे तीन लघू इथे कुठेच मावत नाहीत. संत्र्याच्या कवितेत बहरच नसेल, तर उरले काय?

पादाकुलकात ओळीला 16 मात्रा (लघूची एक, गुरूच्या दोन), चार-चारच्या गटांत. 'संत्र्याच्या बागेत सकाळी': शब्दागणिक मात्रा 6, 5, 5. मात्र ओळीच्या मध्यावरची आठवी मात्रा 'बा'वर संपते, शब्द मधेच तुटतो. चालीत थोडे खटकते.

यमकाचे म्हणाल तर भुजंगप्रयातात शेवटी दोन गुरू लागतात: बागी, जागी. त्यापायी 'बागेत'चे ओढूनताणून 'बागी' होते. पादाकुलकात अशी सक्ती नाही.

रसग्रहण शिकताना गण पाडायचा सराव हवा, किंवा प्रार्थनेसारखा संथ ठेका हवा, तर भुजंगप्रयात. बोलीतले शब्द, फळांची नावे, मुलांनी म्हणायची कविता असेल तर पादाकुलकच.