फोटोत सव्वातीनच का वाजलेले? जुन्या सीको डायव्हरमध्ये माझे साडेचौदा हजार गेले

माझा मामा बोटीवर होता. सुट्टीला गुहागरला आला की आम्ही पोरं पहिले दोन दिवस त्याच्या मनगटालाच चिकटलेलो असायचो, कारण तिथे काळ्या डायलचं जाडजूड सीको क्वार्ट्झ डायव्हर असायचं, म्हणजे जपानच्या सीको कंपनीचं, सेलवर चालणारं, पाणबुड्यांसाठीचं घड्याळ, त्याची बेझल म्हणजे काचेभोवतीची कडी फिरवली की टकटक वाजायची आणि रात्री लाईट गेले की काट्यांचं रेडियम हिरवं चमकायचं. मामा गेला, ते घड्याळ कुठे गेलं घरात कुणालाच माहीत नाही. तसंच एखादं आपल्याकडे असावं हे डोक्यात कितीतरी वर्षं होतं आणि ज्याने मला फसवून विकलं त्याने नेमकं तेच ओळखलं.

जुनी चावीची आणि ऑटोमॅटिक डायव्हर घड्याळं आता आपल्यासारख्याच्या हाताबाहेर गेलीत, पण क्वार्ट्झकडे लोक अजून "सेलवरचं आहे" म्हणून नाक मुरडतात म्हणून ती त्यामानाने स्वस्त मिळतात. मला हे कधीच पटलेलं नाही. २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, सीको अ‍ॅस्ट्रॉन, विकायला आलं तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती, म्हणजे जवळपास एका छोट्या गाडीची. दहा वर्षांच्या आत तेच तंत्र मामासारख्या बोटीवरच्या माणसाच्या हातात आलं. मामाच्यासारख्या घड्याळात क्वार्ट्झ स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि सेकंद काटा बरोबर एकेक पाऊल टाकतो. सीकोच्या क्वार्ट्झ डायव्हरमधलं ७५४८ हे मॉडेल तर १५० मीटर खोल पाण्यासाठीचं, आतलं मशीन चांगलं धातूचं, कारागीर उघडून साफ करू शकतो असं. वापरा आणि फेका वालं नाही.

तर जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर ७५४८-७००० दिसलं, १६ हजार. पाच फोटो होते. मागच्या झाकणाचा फोटो एकदम क्लिअर, मॉडेल नंबर बरोबर, सिरीयलचा पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा असतो तर १ आणि ५, म्हणजे मे १९८१. मी एवढ्यावर खूश झालो. जुनी डायल नव्याने रंगवून, मिळतील ते भाग जोडून विकलेली घड्याळं असतात हे मला माहीत होतं, परदेशातले हौशी लोक त्यांना "मुंबई स्पेशल" म्हणतात आणि आपल्या शहराचं नाव असं वापरलेलं मला फार लागतं, पण हे प्रकार जुन्या एचएमटी आणि सीको फाईव्हमध्ये चालतात, क्वार्ट्झच्या वाटेला कोण जातंय असं मी धरून चाललो होतो. साडेचौदाला ठरलं. त्याने क्यूआर कोड पाठवला, त्यावर नाव वेगळंच, विचारलं तर म्हणे "दादा, भावाचं अकाऊंट आहे, माझी लिमिट संपलीय." मी पैसे टाकले.

चार दिवसांनी पार्सल आलं. बबल रॅप काढला आणि पहिली नजर गेली ती तारखेवर. आकडा तिरका. खिडकी सरळ तीनवर पण आतली तारीख मान वाकडी करून बसल्यासारखी. मग मोबाईलमध्ये ते पाच फोटो परत उघडले तर पाचही फोटोंत वेळ सव्वातीन, दोन्ही जाड काटे नेमके तारखेच्या खिडकीवर. पोटात गोळा आला.

त्याला फोटो पाठवले, दोन निळ्या टिका आल्या आणि ब्लॉक.

दादरला ज्यांच्याकडे मी नेहमी जातो त्या काकांकडे नेलं. त्यांनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि काही न बोलता घड्याळ माझ्यापुढे सरकवलं. आत प्लॅस्टिकचं छोटंसं चायना मशीन, भोवती पांढरी प्लॅस्टिकची रिंग घालून केसमध्ये बसवलेलं. "अरे, याची बाजूची चावी चारच्या आकड्यापाशी असते," काका म्हणाले, "ओरिजनल मशीन त्या हिशोबानेच बनवलेलं असतं. हे साधं तीनच्या चावीचं मशीन फिरवून घातलंय, म्हणून तारीख वाकडी." डायल उचलली तर मशीनमध्ये बसणारे खालचे छोटे पाय नाहीत, गोंदाचे चार ठिपके. भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, आणि सहाच्या खाली बारीक अक्षरात जो कोड असतो तो नाहीच. खरी फक्त केस आणि झाकण. म्हणजे ज्या नंबरवर मी विश्वास टाकला तो खराच होता, पण तो फक्त झाकणाचा होता, बाकी घड्याळाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पण यात माझी दुसरी चूक अशी की दोन दिवस मी त्याला दुसऱ्या नंबरवरून समजावत बसलो, तोवर त्या अकाऊंटमधून पैसे पुढे गेलेले. असं काही झालं तर त्याच मिनिटाला १९३० लावा, आधी समोरच्याशी वाद घालू नका, पैसे पुढे गेले की थांबवणं कठीण होतं. माझे अजून आलेले नाहीत.

घेणार असाल तर मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा, त्यावर कॅलिबर म्हणजे मशीनचा मॉडेल नंबर वाचता आला पाहिजे. शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवायला सांगा. काटे बाजूला करून तारखेचा फोटो, डायलच्या तळाचा जवळून फोटो, आणि चालू घड्याळाचा व्हिडिओ. जुना सेल आत लीक होऊन सर्किट किंवा कॉइल गेलेली असेल तर सुटे भाग मिळणं मुश्किल आहे, त्यामुळे "फक्त सेल बदला" म्हणणाऱ्याकडून चालू घड्याळाच्या भावाने तर अजिबात घेऊ नका. आणि खरं मिळालं तरी पाणी अडवणाऱ्या चाळीस वर्षांच्या रबरी रिंगवर भरवसा ठेवून पाण्यात उतरू नका, १५० मीटर हे तेव्हाचं होतं.

काकांनी केस आणि झाकण साफ करून पुडीत बांधून दिलंय, बंद घड्याळातलं ओरिजनल मशीन मिळालं तर बसवून देतो म्हणाले. मी शोधतोय. परवा शोधतानाच तेच पाच फोटो परत दिसले, नाव वेगळं, गाव वेगळं, किंमत १७ हजार, वेळ सव्वातीन. खाली लिहिलं की काटे हलवून तारखेचा फोटो टाका. तासाभरात माझं लिहिलेलं गायब झालं, ती जाहिरात अजून आहे.