४० फुटी सेकंडहँड मोटर यॉट: घरच्यांसाठी घेतली, पहिल्या सीझनचा अनुभव

मांडव्याहून मुरूड, पुढे दिघी असं फिरायला ४० फूट बास झालं, दोन केबिन, पोरं खूश, आईला मात्र वरच्या फ्लायब्रिजवर (केबिनच्या छतावरचा उघडा डेक) बसवू नका, डोलणं वर जास्तच जाणवतं. ड्राफ्ट (बोट पाण्याखाली किती खोल जाते ते) साधारण सव्वा मीटर, तरी ओहोटीला खाडीच्या तोंडाशी जीव मुठीत, वाळूचा दांडा दरवर्षी सरकतो म्हणे, तिथल्या तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या कप्तानाला) विचारूनच आत शिरतो. ट्विन डिझेल (दोन इंजिनं), साधे शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंत सरळ दांडा), हेच घ्या, मासेमारीचं जाळं एका पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंडाळलं तर एका इंजिनवर घरी येता येतं (आलोय!). विकणाऱ्याने जनरेटर ‘एकदम ओके’ सांगितलेला, तिसऱ्या दिवशी बंद. सर्व्हेअरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका राव. आणि पावसाळ्यात कुठे ठेवणार ते आधी ठरवा.