मालवणचं स्कूबा सेंटर, बेळगावातनं जाणाऱ्यांनी टाइम कसा धरावा

दांडी बीचजवळच्या या सेंटरची सर्व्हिस मनापासून आवडली, फोन केल्यावर पहिला प्रश्न पैशाचा नाही तर "कुठल्या तारखेला येताय, भरती बघून टाइम सांगतो". किनाऱ्यावरनंच पाण्यात उतरायचं असतंय, त्यामुळे भरती पूर्ण भरून पाणी थांबतं तेव्हाच मजा, ओढ कमी आणि खालचं स्वच्छ दिसतंय. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, म्हणून मित्र मागच्या आठवड्यात नऊला उतरला म्हणून तुम्ही पण नऊलाच जाऊ नका. दुपारी वारा सुटतोय, सकाळचीच भरती धरा. आंबोली घाटात धुकं असलं की गाडी रांगतेच, तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामी पोचा आणि स्लॉटच्या तासभर आधी बीचवर. फिटिंगला अजिबात घाई नाही, मास्कच्या कडेत अडकलेला केस सुद्धा इन्स्ट्रक्टरनी बोटानं काढला, नाहीतर पाणी शिरतंयच. आणि महत्त्वाचं, बेळगाव जवळपास 750 मीटर उंचीवर आहे, डाइव्ह करून लगेच घाट चढायचा नाही (वर हवेचा दाब कमी, अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो), एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त केल्या तर 18 तास थांबा, हे त्यांनी स्वतःहून बजावून सांगितलं. चेंजिंग रूम मात्र एकच, रविवारी लाइन लागते. पावसाळ्यात बंद असतंय.